तोल जातो, पाय भरकटतो: ऑटोइम्यून आजारांत नेमकं काय बिघडतं?

लंबक

"चालताना तोल जातो" असं सांगितलं की बहुतेक वेळा हातात चक्करेची गोळी पडते. कधी ती बरोबरही असते. पण ज्याला आधीपासून थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडतं तो), टाइप १ मधुमेह, ल्युपस किंवा श्योग्रेन आहे, किंवा ज्याचा तोल काही आठवड्यांतच भराभर ढासळलाय, त्याचे लाखमोलाचे महिने त्या गोळीपायी वाया जातात. लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी, म्हणजे हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या मुख्य पेशी, एकदा मेल्या की परत तयार होत नाहीत. पेशी आजारी आहेत पण अजून जिवंत आहेत, एवढाच काळ उपचाराच्या हाती असतो. धागा काढायचं कारण हेच.

आधी एक गोष्ट पक्की करू. "तोल जातो" हा आजार नाही, ती तक्रार आहे. ती चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येते.

लहान मेंदू, म्हणजे पुस्तकातलं अनुमस्तिष्क. इथे बिघाड असेल तर माणूस पाय फाकवून चालतो, दारूच्या नशेत असल्यासारखा. शब्द तुटक किंवा लडबडत येतात. वस्तू उचलायला हात गेला की वस्तूच्या जवळ पोचता पोचता थरथर वाढते. बुबुळं हलतात, त्यामुळे वाचताना ओळ नाचते. ताकद मात्र शाबूत असते. "हातापायात जोर आहे, पण ते ऐकत नाहीत" हे रुग्णाचं वाक्य अगदी नेमकं असतं.

दुसरी जागा म्हणजे पायाकडून मेंदूकडे बातमी नेणाऱ्या नसा आणि मणक्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग. पाय कुठे आहे, घोटा किती वाकलाय, ही खबरच वर पोचत नाही. माणूस पाय आपटत, जमिनीकडे बघत चालतो. उजेडात निभावतं, अंधारात कोसळतो.

तिसरी जागा कानातला तोलाचा अवयव. डोकं हलवलं की समोरचं दृश्य हिंदकळतं, गरगरतं, मळमळतं. बोलणं आणि हातांचं कौशल्य इथे बिघडत नाही.

चौथी जागा मेंदूच्या खोडातले आणि पांढऱ्या भागातले जोडरस्ते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, ज्यात नसांवरचं आवरण खराब होतं) मार बसतो तो प्रामुख्याने यांना. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ च्या सुमारास त्या आजाराची जी तीन लक्षणं सांगितली, बुबुळांची थरथर, हात पुढे करताना येणारा कंप आणि तुटक बोलणं, ती तिन्ही लहान मेंदूच्या रस्त्यांवरचीच आहेत.

ऑटोइम्यून आजार या चारही जागी घाव घालतो, कधी एकाच माणसात दोन ठिकाणी. म्हणून पहिला प्रश्न "कुठला आजार?" हा नाही, "कुठली जागा?" हा आहे. जागा कळली की तपासण्यांची यादी निम्मी होते. जाणकारांनी भर घालावी.

पाऊलवाट

धागा फार गरजेचा आहे. एक विचारतो: पाय जुळवून उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि माणूस डगमगला की लहान मेंदूत दोष, असंच ना? रोम्बर्ग चाचणी बहुतेक ठिकाणी अशीच समजावलेली दिसते.

सरळरेषा

@पाऊलवाट, नेमकं उलट, आणि ही चूक फार पसरलेली आहे.

लहान मेंदू बिघडलेला माणूस पाय जुळवून उभा राहिला की उघड्या डोळ्यांनीही डुलतो. त्याला रोम्बर्ग म्हणत नाहीत. डोळे उघडे असताना बऱ्यापैकी स्थिर आणि मिटल्यावर पडायला होतं, ती खरी रोम्बर्ग. तिचा अर्थ असा की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा होता, कारण पायांची खबर किंवा कानाची खबर येत नाहीये.

याचं घरातलं रूप म्हणजे तोंड धुणं. बेसिनसमोर वाकून डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना माणूस पुढे झुकतो आणि नळ धरतो, किंवा कपाळ आपटून घेतो. अंघोळीत डोळ्यांत साबण गेल्यावर भिंत चाचपडतो. डॉक्टरांपुढे ही दोन उदाहरणं सांगितली तर "अधूनमधून तोल जातो" या वाक्यापेक्षा शंभर पटीने जास्त कळतं.

घरी निरीक्षण करायचंच असेल तर एक माणूस मागे आणि एक बाजूला उभा हवा, आणि या चार गोष्टी पुरेत.

एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत एका रेषेत दहा पावलं. कितव्या पावलाला पाय बाहेर पडतो आणि कुठल्या बाजूला, ते लिहा.

नाक आणि समोरच्याचं बोट, आळीपाळीने. समोरचं बोट हात पूर्ण लांब करावा लागेल इतक्या अंतरावर धरा, नाहीतर दोष लपतो. बोटाजवळ जाताना थरथर वाढली किंवा बोट ओलांडून हात पुढे गेला तर लहान मेंदूकडे बोट जातं. उघड्या डोळ्यांनी नेम बरोबर आणि मिटल्यावर नाकाऐवजी गालावर, तर नसांकडे.

तळहातावर दुसरा हात पालथा-उताणा, भरभर, दहा वेळा. ठेका मोडतो का ते ऐका. आवाजावरून चटकन कळतं.

डोळे मिटवून रुग्णाच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून वर किंवा खाली हलवा आणि दिशा विचारा. वरून-खालून धरलात तर दाबावरूनच दिशा कळते आणि चाचणी फुकट जाते. पाहणारे इथेच सर्रास चुकतात.

शुक्रतारा

खूप उपयुक्त. पुढचा प्रश्न: मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला तर ऑटोइम्यून अटॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ सुटून तोल जाणं) नाही असं धरायचं का? आणि अँटिबॉडीची पॅनेलं इतकी आहेत की कुठली करायची हेच कळत नाही.

चेतातंतू

@शुक्रतारा, नॉर्मल एमआरआयने ऑटोइम्यून अटॅक्सिया नाकारता येत नाही. सुरुवातीला तर तो बहुधा नॉर्मलच असतो. लहान मेंदू आकसलेला दिसायला महिने लागतात, आणि तो दिसतो तेव्हा पेशी गेलेल्या असतात. एमआरआय करायचा तो गाठ, रक्तस्राव, स्ट्रोक, एमएसचे डाग नाकारण्यासाठी. म्हणून तो लवकर करावा, पण त्याच्या "नॉर्मल"वर थांबू नये.

अँटिबॉडीचं सरसकट पॅनेल मागवण्याआधी वेग बघा. काही दिवसांत, काही आठवड्यांत की वर्षांत? वर्षानुवर्षं हळूहळू आणि घराण्यात आणखी कुणाला असेल तर आनुवंशिक प्रकार आधी. आठवडे ते तीन-चार महिने, तर ऑटोइम्यून आणि कर्करोगाशी जोडलेले प्रकार सगळ्यांत आधी.

आता महत्त्वाच्या अँटिबॉडी.

जीएडी ६५. हे एन्झाइम ग्लुटामेटपासून गाबा हे मेंदूला आवर घालणारं रसायन बनवतं, त्याच्याविरुद्धची ही अँटिबॉडी, आणि पुर्किन्ये पेशी आपला संदेश गाबावरच पाठवतात. इथे गोंधळ आकड्यांचा आहे. टाइप १ मधुमेहातही ही अँटिबॉडी सापडते, पण थोड्या प्रमाणात. मज्जासंस्थेच्या आजारात एलायझा पद्धतीने साधारण १०,००० एककांच्या वर जाते. रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर आकडा, एकक आणि पद्धत मागून घ्या. प्रयोगशाळा बदलली की आकडेही बदलतात, त्यामुळे दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलं की कमी झालं" ठरवू नये. शंका असेल तर पाठीतल्या पाण्यातही (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, कंबरेत सुई घालून काढतात) तपासतात.

यो, हू, टीआर. या लपलेल्या गाठीकडे बोट दाखवतात. यो असेल तर अंडाशय आणि स्तन, हू असेल तर फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग, टीआर असेल तर हॉजकिन लिम्फोमा. तोल आधी जातो, गाठ नंतर सापडते, असं वारंवार घडतं. पहिल्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून फाइल बंद करायची नाही. जोखीम जास्त असलेल्या अँटिबॉडीत दर ४ ते ६ महिन्यांनी, अशी २ वर्षं पुन्हा तपासणी करावी असं २०२१ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. तयार पट्टीवर केलेल्या चाचणीत यो खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण चांगलंच आहे. लक्षणं जुळत नसतील आणि पट्टीवर हलकीशी रेघ असेल, तर मेंदूच्या ऊतीच्या कापावर खात्री करून घेतल्याशिवाय कर्करोगाची भीती कुणाच्या डोक्यात घालू नये.

थायरॉइडची टीपीओ. निरोगी लोकांतही पुष्कळदा सापडते. एकट्या टीपीओवर "हाशिमोटो एन्सेफलोपॅथी" (थायरॉइडच्या अँटिबॉडींशी जोडलेला मेंदूचा आजार) ठरवता येत नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावरचं ते निदान आहे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत. रक्त आणि पाठीतलं पाणी आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याच्या आधी काढून ठेवा. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या अँटिबॉडी. त्यानंतर काढलेल्या रक्तात टीपीओ, थोडी जीएडी, इतकंच काय हिपॅटायटिस बी ची कोअर अँटिबॉडीही उसनी येऊन पॉझिटिव्ह दिसू शकते. प्लाझ्मा बदलल्यावर उलटं, खरी असलेलीही धुऊन जाते. घाईत उपचार सुरू करायचा असेल तरी दोन-तीन जादा नळ्या गोठवून ठेवायला सांगता येतं. नंतर हा नमुना परत मिळत नाही.

खडूफळा

ग्लुटेन अटॅक्सियाचा, म्हणजे ग्लुटेनविरुद्धच्या अँटिबॉडींशी जोडलेल्या प्रकाराचा, उल्लेख अजून कुणी केला नाही. शेफील्डच्या हाजिवासिलिऊ यांच्या गटाने १९९० च्या दशकात हा प्रकार पुढे आणला. यात पोटाची तक्रार बहुतेकांना नसतेच, म्हणून कुणाला संशयही येत नाही. तपासणीत ग्लायाडिनच्या (ग्लुटेनचाच एक भाग) आयजीजी आणि आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी, ट्रान्सग्लुटामिनेज २ या एन्झाइमच्या, आणि जिथे सोय असेल तिथे ट्रान्सग्लुटामिनेज ६ च्या.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे "बघू तरी फरक पडतो का" म्हणून आधी गहू बंद करणं आणि मग चाचणी करणं. गहू, बार्ली, राय बंद केले की अँटिबॉडी उतरायला लागतात आणि पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. आधी रक्त, मग पथ्य.

वाटाड्या

@खडूफळा, यावर थोडा सावध सूर लावतो. ग्लायाडिनच्या अँटिबॉडी निरोगी माणसांतही काही प्रमाणात असतात. तोल जाणाऱ्या प्रत्येकाची ही चाचणी केली तर काहीजण असे निघणार ज्यांच्या आजाराचा ग्लुटेनशी संबंधच नाही. पथ्याच्या मागे लागून वर्ष गेलं आणि खरं कारण जीएडी किंवा एखादी गाठ निघाली, तर तो तोटा कोण भरून देणार? सगळे न्यूरोलॉजिस्ट हा आजार एकाच नजरेने बघत नाहीत, तेही याच कारणामुळे.

लंबक

दोघांचंही म्हणणं पटतं, आणि प्रत्यक्षात दोन्ही सांभाळता येतं. पथ्याला औषधासारखे दुष्परिणाम नाहीत, म्हणून अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर ते सुरू करावं, पण बाकीच्या तपासण्या थांबवू नयेत. ६ ते १२ महिन्यांनी अँटिबॉडी परत तपासायच्या. उतरल्या नाहीत तर पथ्य कुठेतरी गळतंय. ओट्समध्ये मिसळलेला गहू, माल्ट, सोया सॉस, घट्टपणासाठी घातलेलं पीठ, एकाच गिरणीत दळलेलं धान्य ही नेहमीची ठिकाणं. "ग्लुटेनमुक्त" लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. अँटिबॉडी पूर्ण उतरूनही तोल ढासळतच राहिला तर निदानाचा नव्याने विचार करायचा.

एक भर. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाचा तोल गेला की सगळं खापर अँटिबॉडीवर फोडू नका. आतडं शोषून घेत नसल्याने व्हिटॅमिन ई, तांबं आणि बी १२ यांची कमतरता होते, आणि या तिन्ही कमतरता स्वतंत्रपणे तोल बिघडवतात. तिन्ही भरून काढता येतात, आणि वेळेत कळल्या तर मिळकत मोठी असते.

वाटाड्या

बी १२ चा विषय आलाच आहे तर तो नीट मांडतो, कारण हाही मुळात ऑटोइम्यून आजारच असू शकतो. पर्निशस अ‍ॅनिमियात शरीर जठरातल्या पेशींवर आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरवर, म्हणजे बी १२ शोषायला लागणाऱ्या प्रथिनावर, हल्ला करतं. बी १२ खाल्लं तरी शोषलं जात नाही आणि मज्जारज्जूचा मागचा भाग झिजतो. रोम्बर्ग पॉझिटिव्ह, पाय बधिर, अंगठ्याची दिशा कळत नाही.

यात तीन गोष्टी वारंवार चुकतात. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून बी १२ चा विचारच होत नाही. प्रत्यक्षात रक्त ठीक असतानाही नसा बिघडू शकतात. नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. तिने रक्त सुधारतं आणि मज्जारज्जूचं नुकसान मात्र चालूच राहतं. आणि बी १२ काठावर आलं की "नॉर्मल" म्हणून सोडून दिलं जातं, खरं तर तिथे मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड आणि होमोसिस्टीन बघायला हवं, बी १२ खरंच कमी पडत असेल तर ही दोन्ही रक्तात वाढतात. मज्जासंस्थेची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शनने, १ मिलिग्रॅम, आधी जवळजवळ एक दिवसाआड आणि सुधारणा थांबेपर्यंत, मग अंतर वाढवत आयुष्यभर. बी १२ कमी असलेल्याला भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरलं तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत चालणं बंद पडू शकतं, हे भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवं.

आता श्योग्रेन. डोळे-तोंड कोरडं पडणं सगळ्यांना माहीत आहे, पण हा आजार मणक्याशेजारच्या संवेदी गाठोड्यांवर, म्हणजे गँग्लिऑनवर, हल्ला करू शकतो. मधुमेहातली बधिरता पावलांपासून मोज्यासारखी चढते. इथे तसं नसतं. एक हात, चेहऱ्याची एक बाजू, दुसरा पाय, अशी विस्कळीत सुरुवात होते. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगितले की बोटं आपोआप पियानो वाजवल्यासारखी हलायला लागतात आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. नर्व्ह कंडक्शनमध्ये (नसांमधून संदेश कसा जातो याची विजेची तपासणी) संवेदी लाटा गायब, चालक नसा नॉर्मल, हे चित्र दिसलं की कोरडेपणाबद्दल विचाराच: डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं का, कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का. मग एसएसए अँटिबॉडी, शर्मर पट्टी (अश्रू मोजायला खालच्या पापणीत अडकवायची कागदी पट्टी), जिथे ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा कमी भिजली तर कोरडेपणा धरतात, आणि गरज पडली तर ओठाच्या आतली बायोप्सी.

असंच हुबेहूब चित्र हू अँटिबॉडीने, कर्करोगाच्या सिसप्लाटिन या औषधाने, आणि व्हिटॅमिन बी ६ च्या जास्तीच्या डोसानेही होतं. हातपाय बधिर म्हणून जो "नसांचा टॉनिक" चालू असतो त्याच्या पाकिटावर बी ६ किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, आणि दोन-तीन गोळ्यांतलं मिळून बेरीज करा.

पाऊलवाट

लहान मुलांचं काय? कांजिण्यांनंतर मूल अचानक डुलायला लागतं, हेही यातच येतं का?

चेतातंतू

हो. विषाणूच्या तापानंतर किंवा कांजिण्यांनंतर काही दिवसांनी, खेळतं मूल एकदम डुलत चालायला लागतं. मूल शुद्धीवर, ताप नाही, बाकी ठणठणीत, तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप पूर्ण बरी होतात. मात्र तीन गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही: गुंगी, सकाळची डोकेदुखी-उलटी, आणि डोळ्यांची सैरावैरा नाचानाच. बुबुळं सगळ्या दिशांनी झटके देत नाचतात, अंगाला झटके येतात, मूल विलक्षण चिडचिडं होतं, झोप उडते. हा ऑप्सोक्लोनस-मायोक्लोनस. यातल्या जवळपास निम्म्या मुलांत न्यूरोब्लास्टोमा ही गाठ असते, म्हणून पोटाचं आणि छातीचं स्कॅन लागतं. डॉक्टरांसमोर डोळे नाचतीलच असं नाही, म्हणून घरी चेहऱ्याचा जवळून व्हिडिओ काढून ठेवा.

मोठ्यांतला एक झटपट प्रकारही लिहून टाकतो. जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन आठ-दहा दिवसांनी दोन-दोन दिसायला लागतं, तोल जातो, आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. हा मिलर फिशर सिंड्रोम, १९५६ साली वर्णन झालेला, बहुतेकांत जीक्यू१बी अँटिबॉडी सापडते. बहुतांश लोक काही महिन्यांत छान बरे होतात. पण तो गियाँ-बारेमध्ये, म्हणजे हातपाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजारात, सरकू शकतो, म्हणून पहिले दिवस दवाखान्यात आणि श्वासावर नजर. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर काही तासांनी बघतात, आणि फुप्फुसाची क्षमता किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली उतरायला लागली की अतिदक्षता विभाग. या कुळात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हेही लक्षात असू द्या.

शुक्रतारा

उपचारांचा क्रम कुणी समजावेल का? स्टेरॉइड, आयव्हीआयजी, प्लाझ्मा, रिटुक्सिमॅब ही नावं कानावर येतात, पण कुठलं कधी?

लंबक

प्रौढांसाठीचे सर्वसाधारण डोस लिहितो, म्हणजे फाइलमध्ये काय लिहिलंय ते कळेल. ठरवणार अर्थात न्यूरोलॉजिस्ट.

तीव्र टप्प्यात मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. आयव्हीआयजी एकूण किलोमागे २ ग्रॅम, ५ दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम. ते सुरुवातीला हळू सोडतात, पाणी भरपूर देतात, कारण घाई केली तर डोकं भयंकर दुखतं, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असेल किंवा गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असेल तर धोका वाढतो. प्लाझ्मा बदलणं एक दिवसाआड, ५ ते ७ वेळा. दोन्ही करायचे असतील तर प्लाझ्मा आधी, आयव्हीआयजी नंतर. उलट केलं तर महागडं औषध पिशवीत धुऊन निघून जातं.

गाठीशी जोडलेल्या प्रकारात गाठीचा उपचार हाच पहिला उपचार. यो प्रकारात पेशींवर टी-सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चालून जातात, म्हणून नुसत्या अँटिबॉडी काढून फार हाती लागत नाही.

पुढच्या टप्प्यात रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी कमी करणारं औषध), बहुधा १ ग्रॅम आणि १४ दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. त्याआधी हिपॅटायटिस बी च्या दोन्ही चाचण्या, सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, शिवाय टीबी आणि इम्युनोग्लोबुलिन पातळी. जुना, दबलेला हिपॅटायटिस बी या औषधाने उसळून यकृत निकामी करू शकतो. मृत लसी शक्य तर काही आठवडे आधी उरकून घ्यायच्या, जिवंत लसी उपचार चालू असताना नाहीत. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त आणि महिनाभर किंवा पुढे चालणार असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाच्या (प्रतिकारशक्ती दबलेल्यांना होणारा बुरशीचा न्यूमोनिया) प्रतिबंधाबद्दल विचारा. हाडांसाठी कॅल्शियम-डी, साखरेवर लक्ष, आणि स्टेरॉइड एकदम बंद कधीच नाही.

अपेक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. कित्येकदा उपचाराचं यश म्हणजे "थांबलं". तीन महिन्यांत आणखी ढासळलं नाही, हा चांगला निकाल आहे. घरच्यांना हे आधी सांगितलं नाही तर चालू असलेला, काम करणारा उपचार निराशेपोटी सोडला जातो.

सरळरेषा

औषधांइतकाच व्यायाम महत्त्वाचा, आणि तो पहिल्या आठवड्यापासून. पण जागेनुसार व्यायाम बदलतो.

नसांचा किंवा मज्जारज्जूचा दोष असेल तर फ्रेंकेलचे व्यायाम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले, अजूनही तितकेच कामाचे. उताणं झोपायचं, पण डोकं-पाठ उशांनी इतकी उंच की स्वतःचे पाय दिसायला हवेत. पाय दिसले नाहीत तर व्यायामाचा अर्थच संपतो. गुळगुळीत चादरीवर टाच सरकवत गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. मग सांगेल तिथे मध्येच थांबायचं. मग टाच दुसऱ्या गुडघ्यावर, नडगीच्या मध्यावर, घोट्यावर, नेमकी ठेवायची. मग बसून, जमिनीवर खडूने काढलेल्या खुणांवर पाऊल. मग उभं राहून, आखलेल्या पावलांच्या ठशांवर चालणं. प्रत्येक प्रकार चारच वेळा, मोठ्याने आकडे मोजत, मध्ये विश्रांती. हा ताकदीचा व्यायाम नाही, लक्ष देण्याचा आहे; दमला की नेम जातो आणि चुकीचीच सवय लागते.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल: भरभर करणं सोपं आणि सावकाश करणं अवघड. म्हणून प्रगती वेगाकडून संथपणाकडे, आणि डोळ्यांनी बघत करण्याकडून न बघता करण्याकडे.

लहान मेंदूचा दोष असेल तर एकेक सांधा हलवणं. कप उचलताना खांदा, कोपर, मनगट एकाच वेळी हलवलं की कंप वाढतो. कोपर टेबलावर टेकवा, अंगाशी दाबा, आणि फक्त पुढचा हात हलवा. कप झाकणाचा, नळीचा, निम्मा भरलेला. मनगटाला थोडं वजन बांधून काहींना फायदा होतो, पण काढल्यावर काहींचा कंप काही वेळ वाढतो, त्यामुळे दिवसभर बांधून ठेवू नये. आठवड्यातून तीन वेळा तासभर, असं चार आठवडे समन्वयाचं कसून प्रशिक्षण आणि नंतर घरी रोज सराव, यातून वर्षानुवर्षं झिजत जाणाऱ्या अटॅक्सियातही मोजता येईल अशी सुधारणा दिसलेली आहे. मग जिथे झीज थांबवता येते तिथे हे सोडणं परवडणारच नाही.

कानाचा दोष असेल तर नजर एका अक्षरावर ठेवून डोकं डावीकडे-उजवीकडे, आणि चक्करेच्या गोळ्या लवकरात लवकर कमी करणं. त्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर मेंदू भरपाई करायला शिकत नाही. सिनारिझिनने तर काही वयस्करांत पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो.

काठीबद्दल: नसांच्या दोषात साधी काठीही खूप मदत करते, कारण हाताला जमिनीची खबर मिळते. बोटाने भिंतीला नुसता स्पर्श केला तरी डुलणं कमी होतं, तेच तत्त्व. हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ यावी इतकी लांबी. लहान मेंदूच्या दोषात मात्र हलकी काठी हातातच भरकटते आणि पायात अडकते. तिथे जड, ब्रेकवाला वॉकर. हलका चारचाकी वॉकर पुढे पळतो आणि माणूस त्याच्यामागे तोंडावर पडतो.

घरात: पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा, पायपुसणी काढून टाकणं, बेसिनजवळ धरायला दांडा, अंघोळ बसून, चप्पल मागून पट्ट्याची आणि पातळ टणक तळाची. मऊ जाड तळवा आरामदायक वाटतो, पण पायाला जमीन कळू देत नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

शुक्रतारा

शेवटचं विचारते. उपचार चालू असताना, दोन-तीन वर्षांनी तोल पुन्हा बिघडला तर आजार उलटला असंच धरायचं ना? लगेच स्टेरॉइड वाढवून मागायचं?

चेतातंतू

नाही! आधी चार गोष्टी तपासायच्या, मग डोस.

संसर्ग. लघवीचा साधा संसर्ग किंवा ताप आला तरी एमएसमधली जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. ताप उतरला, अंग थंड झालं की ती मागे जातात. हा नवा हल्ला नव्हे.

औषधं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन (फिटची औषधं), लिथियम (मानसिक आजाराचं औषध) यांची पातळी वाढली की तोल जातो, आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लांबलं तरी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसने हात थरथरतात. नवीन काय सुरू झालं, ते तारखेसह लिहून न्या.

स्टेरॉइडनेच येणारा स्नायूंचा अशक्तपणा. खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढताना कठडा ओढावा लागतो, पण नाक-बोट चाचणी पहिल्याइतकीच. इथे स्टेरॉइड वाढवणं म्हणजे आगीत तेल.

आणि पीएमएल, जेसी विषाणूचा मेंदूतला संसर्ग. एमएसचं नॅटालिझुमॅब, रिटुक्सिमॅब किंवा अनेक वर्षांच्या दडपणाऱ्या औषधांवर असलेल्याचा तोल काही आठवड्यांत सतत ढासळत गेला तर आधी एमआरआय आणि पाठीतल्या पाण्यात जेसी विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी. हा संसर्ग असताना प्रतिकारशक्ती आणखी दाबली तर जिवावर बेततं.

आणि एका मिनिटात अचानक तोल गेला, दोन-दोन दिसलं, बोलणं लडबडलं, एक बाजू लुळी पडली तर आजाराचं नाव काहीही असो, तो स्ट्रोक समजून थेट तातडीच्या विभागात.

लंबक

बिघडलं की नाही हे आठवणीवर ठरवू नये म्हणून: महिन्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच चपलांत, औषधाच्या त्याच वेळेला तीन छोटे व्हिडिओ काढा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, सेकंदांसह. रेषेवर दहा पावलं. आणि एकच ठरलेला परिच्छेद मोठ्याने वाचणं. फाइलमध्ये सारा (SARA) स्कोअर, म्हणजे अटॅक्सिया किती आहे ते मोजणारे गुण, लिहिला जातोय का तेही बघा. आठ भाग, ० ते ४०, जितका जास्त तितकं वाईट. एकूण आकड्याबरोबर आठही भाग वेगवेगळे मागून घ्या, कारण चालणं २ ने सुधारलं आणि बोलणं २ ने बिघडलं तर बेरीज तीच राहते.